आत्याने ओळखायचा जावई

दुबईहून आल्यापासून वसईत जो भेटेल तो विचारतो, सोनं किती आणलंस आणि तो उंच टॉवर आतून पाहिलास का. सोनं आणलं नाही. टॉवर गाडीच्या काचेतून पाहिला, तोही अर्धाच, कारण त्या वेळी मी भाचीशी भांडत होते. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मार्थाबाई एवढ्या लांब जाऊन आल्या तरी काय करून आल्या, असं त्याला वाटतं. म्हणून जे केलं ते एकदाच लिहून टाकते.

मी फिरायला गेले नव्हते, मला पाठवलं होतं. माझा धाकटा भाऊ इनास. त्याची मुलगी स्नेहल अबुधाबीला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिने फोनवर बापाला सांगितलं, मला लग्न करायचंय, मुलगा कॅथलिक आहे, चर्चच्या गायनवृंदात ओळख झाली. इनास खूश. मग तिने सांगितलं, मुलगा युगांडाचा आहे. इनासने फोन ठेवला आणि तडक केळीच्या बागेत जाऊन बसला. जेवायलाही आला नाही.

स्नेहलची आई गेल्यापासून त्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. शिवाय स्नेहलची बाप्तिस्म्याची आईही मीच. दुसऱ्या दिवशी इनास माझ्या ओट्यावर येऊन बसला. ‘बाय, तू जाऊन बघून ये. तू हो म्हणालीस तर मी मुकाट लग्नाला उभा राहीन. नाही म्हणालीस तर तिला सांग, बाप मेला म्हणून समज.’

असं ओझं घेऊन मी विमानात बसले. बॅगेत सुकेळी होती, सुके बोंबील होते, आणि नकार घरूनच ठरवून घेतला होता. आता मी कोण, तर जन्मभर शाळेत शिकवलेली आणि दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणारी बाई. सगळी माणसं देवाच्या प्रतिरूपात घडलेली आहेत, गोरा-काळा असा भेद करणं पाप आहे, हे मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलंय की झोपेतही म्हणेन. पण आमच्याकडे बाप्तिस्म्याचं पाणी सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडलं तरी सोयरीक जुळवताना सामवेदी सामवेद्यांत आणि वाडवळ वाडवळांत, हे अजून चालूच आहे. शेजारच्या गावातला कोळ्यांचा मुलगा आणला तरी घरात कुजबुज होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे विमानात स्वतःला ऐकवून झालं. नकार काही हलला नाही.

अल रीम

स्नेहल राहते ते अल रीम बेट म्हणजे चहूकडे पाणी आणि मध्ये उंच इमारती. तिच्या घरातली खिडकी उघडत नाही. सगळी काच, आणि बाहेर ऊन असं की डोळे दिपतात. मला एका जागी बसवत नाही, घरी मी दिवसातून दहा वेळा अंगणात जाते. इथे मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येरझारा घालत होते. खाली खाडीत तिवरांची झाडं दिसली तेव्हा जरा बरं वाटलं. आमच्याकडचीच तिवरं, फक्त इथे त्यांच्याभोवती लोकांनी फिरायला लाकडी पूल बांधलाय आणि कुणी त्यात कचरा टाकत नाही.

ऑगस्टीन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर उचलणारी क्रेन चालवतो. सुट्टी काढून, बस बदलत आला होता. दारातच कमरेत वाकला, ‘आत्या’ म्हणाला आणि सोफ्याच्या कडेला खाली मान घालून बसला. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. मी एक प्रश्न विचारायची, तो जमिनीकडे बघून उत्तर द्यायचा. मी त्याचे बूट पाहिले, चकचकीत होते. हात पाहिले. शर्टाची इस्त्री पाहिली.

त्याला सुकेळी दिली. त्याने एक खाल्लं, दुसरं मागून घेतलं आणि ही कशी करता ते विचारलं. मी सांगितलं, राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात गुंडाळून. तो म्हणाला, माझ्या आईची घरामागे केळीची बाग आहे. त्यांच्याकडे कच्ची केळी पानात बांधून वाफवतात आणि कुस्करून जेवतात, रोज, आपल्या भातासारखी. ‘कच्ची केळी आमच्याकडे पोट बिघडलं की देतात,’ मी म्हणाले. स्नेहलने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

जाताना त्याने दोन्ही हातांनी एक पुडकं माझ्यापुढे धरलं. आत लाल रेशमी पायघोळ झगा, खांद्यांवर टोकं काढलेली, कमरेला रुंद पट्टा. माझ्या वयाच्या बाईने हा घालून वसईत कुठे मिरवायचं? माझ्या डोक्यात लगेच आलं, ही लाच आहे.

तो गेल्यावर मी स्नेहलला म्हणाले, ‘माणूस नजरेला नजर देत नाही. मला सरळ वाटत नाही.’

‘आत्या, तो रिस्पेक्ट देतोय. त्यांच्यात मोठ्यांसमोर असंच बसतात.’

‘आणि हा झगा?’

‘आत्याला द्यायचा असतो म्हणे त्यांच्यात. मला पण डिटेल माहीत नाही. तू आलीस म्हणून तो इतका खूश आहे ना, तुला काय सांगू.’

माझ्या येण्याने त्याने एवढं खूश का व्हावं, हे मला कळलं नाही. झगा मी कपाटात ठेवून दिला.

दुबई मरीना

दुबई मरीनात आमच्या गावची ग्लोरिया राहते. तिचा नवरा मोठ्या हुद्द्यावर आहे. घराखाली पाण्यात पांढऱ्या होड्या बांधून ठेवलेल्या, घरात फुग्यांचा, म्हणजे आमच्या वसईच्या तळलेल्या गोल पावांचा, वास. फुगे मात्र तिने झकास केले होते, आतून पोकळ, बोटाने दाबले तर वर येणारे. जेवणाआधी आम्ही सगळ्यांनी मिळून रोझरी म्हटली. ग्लोरियाने शेवटी जगातल्या गोरगरिबांसाठी आणि अन्याय सोसणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. मग वाढायला घेतलं आणि वाढता वाढता म्हणाली, ‘मार्था, काळ्यांत देताय पोरगी? उद्या पोरं झाली तर केसांतून फणी जायची नाही.’

तिची मुलगी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, ‘मम्मा, दॅट्स सो रेसिस्ट.’

‘तू होमवर्क कर. अगं मार्था, इथे ते लोक वॉचमन असतात, वॉचमन. आमच्या लॉबीत दार उघडायला उभे असतात. तुझा भाऊ बागायतदार माणूस. हबीबी, दुनिया काय म्हणेल?’

स्नेहल ताटात बघत होती. मी फुगा तोडायची थांबले. ग्लोरिया बोलत होती ते शब्दन् शब्द माझ्या मनात होतं. फणीचं सुद्धा. तेच दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र मला शिसारी आली. मला ग्लोरियाचा राग आला, आणि हिला बोलायला आपल्याकडे तोंडच नाही म्हणून त्याहून जास्त राग आला.

त्या देशात मी जिथे जिथे गेले तिथे हे पाहिलं. दार कोण उघडतो, गाडी कोण धुतो, काउंटरमागे कोण बसतो आणि आतल्या केबिनमध्ये कोण, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांना आपापली पायरी पाठ आहे. आपल्या लोकांना तर ती शिकावीच लागत नाही, आपण ती घरूनच नेतो. आपल्या वर कोणी आहे याचं आपल्याला दुःख होतं, आणि खाली कोणीतरी आहे याने ते हलकं होतं. ग्लोरियाला नवऱ्याच्या साहेबाच्या पार्टीत कोणी हिंग लावून विचारत नाही, हे तिने स्वतःच मला भांडी आवरताना सांगितलं.

परतताना गाडीत मी स्नेहलवर घसरले. ‘तुला आपल्यातला एक मुलगा मिळू नये?’ ती म्हणाली, ‘आत्या, ग्लोरियाआंटीला सांगायचं होतंस ना हे, दोघींचं जमलं असतं.’ टॉवर याच वेळी गेला.

खोर फक्कान

पुढच्या शुक्रवारी रात्री स्नेहल म्हणाली, ‘ऑगस्टीनच्या मित्रांनी उद्या आपल्याला जेवायला बोलावलंय. यल्ला, सकाळी निघू.’ मी मनाशी म्हटलं, बरं झालं. जेवायचं, आणि मग त्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगायचं की हे होणे नाही. एकदाचं सांगून टाकलं की माझी ही तगमग तरी थांबेल.

वाळवंट संपून डोंगर लागले. उघडे, तपकिरी, गवताची काडी नाही. बोगद्यामागून बोगदा, आणि शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर निळं पाणी आणि बंदरातल्या क्रेन. त्या इतक्या उंच की माणूस वर कसा चढत असेल याचा मी विचार करत राहिले. मित्रांनी खजुराच्या झाडांत एक फार्महाऊस दिवसभरासाठी भाड्याने घेतलं होतं.

गाडीतून उतरले तोच रंगीत झग्यांतल्या बायका पुढे आल्या आणि माझ्यासमोर चक्क गुडघे टेकून बसल्या. मी घाबरून मागे सरले. आमच्याकडे गुडघे टेकायचे ते वेदीपुढे. ‘सेंगा, सेंगा,’ असं म्हणत त्यांनी मला नेऊन कापड घातलेल्या खुर्चीवर बसवलं. एकीने विचारलं, तुमचा झगा कुठाय? मी म्हटलं, अबुधाबीला, कपाटात. त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

जेवण आधी झालं. केळीच्या पानांचं गाठोडं सोडलं, आत वाफाळलेला पिवळा लगदा, त्यावर शेंगदाण्याचा रस्सा. पोट बिघडल्यावर खायची ती केळी मी दोनदा घेतली. कोणीतरी टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केला होता. व्हिडिओ काढतायत, असं मला वाटलं.

मग मुकासा नावाचे एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. ऑगस्टीनच्या बंदरावरच काम करणारे, त्या लोकांतले वडीलधारे. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सावकाश इंग्रजीत बोलायला लागले. ‘आमच्यात मुलीचा बाप जावई पसंत करत नाही. मुलीची आत्या करते. तिला आम्ही सेंगा म्हणतो. मुलाची माणसं रांगेत उभी राहतात. आत्या येते, रांगेतून आपला जावई ओळखते आणि त्याच्या छातीवर फूल लावते. मग बोलणी संपतात. आम्हाला वाटलं होतं, इंडियन माणसं आमच्याकडे येणार नाहीत. पण आत्या समुद्र ओलांडून आली. आत्या आली म्हणजे होकारच आला.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.  झगा का, गुडघे का, तो एवढा खूश का, सगळं एकदम उलगडलं. मी आत्या म्हणून नकार द्यायला आले होते, आणि या लोकांच्या लेखी आत्या नकार द्यायला येतच नाही. स्नेहल माझ्या कानाशी आली. तिचा चेहरा उतरला होता. ‘आत्या, मला नव्हतं माहीत. आय स्वेअर.’

माझ्या हातात लाल फूल आणि टाचणी आली. पुढे पांढरे पायघोळ झगे आणि वर काळी जाकिटं घातलेले सहा-सात तरुण, सगळे मान झुकवून उभे. नाही म्हणायचं तर आत्ताच, असं ठरवून मी उठले आणि रांगेपाशी गेले.

आणि मला कळेना, यातला तो कोणता.

नकार राहिला बाजूला. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि तशीच परत आले. बूट बघावेत तर सगळ्यांचे चकचकीत. हात सगळ्यांनी मागे बांधलेले. घरी सोफ्यावर तासभर माझ्यासमोर बसलेला माणूस, आणि त्याचं नाक कसं आहे, कपाळ कसं आहे, काही म्हणजे काही मला आठवेना. तो खाली बघत होता हे खरं, पण मला तर बघायला कोणी अडवलं नव्हतं. घामाने टाचणी बोटांतून निसटत होती. शेवटी उंचीचा अंदाज घेतला आणि डावीकडून तिसऱ्याच्या जाकिटाला फूल लावलं.

 मग तो तरुण ओरडला, ‘आत्या, मला बायको आहे, दोन पोरं आहेत!’ आणि हशा उसळला. बायकांनी तोंडाने लांब किलकाऱ्या दिल्या. आत्या थट्टा करतेय, जावयाला रडवतेय, असं त्यांना वाटलं. त्यांच्यात आत्या अशी थट्टा करते म्हणे. रांगेतून ऑगस्टीन पुढे आला, हसत होता. त्याने मित्राच्या जाकिटावरचं फूल काढलं, माझ्या हातात दिलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी ते त्याला लावलं. पुन्हा टाळ्या झाल्या. त्या सगळ्या गर्दीत एकटी स्नेहल हसली नाही.

मुक्कामाला आम्ही दोघी जवळच फुजैराला निघालो, रविवारी ऑगस्टीन तिथल्या चर्चला येणार होता. ऊन उतरत होतं. स्नेहल रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत होती.

‘ओळखलं नाहीस ना तू त्याला?’

‘अगं, चष्मा…’

‘आत्या, प्लीज. चष्मा डोळ्यांवरच होता.’

 तिने गाडी कडेला घेतली.  ‘लॅबमध्ये मला रोज कोणीतरी विचारतं, तू फिलिपिना का श्रीलंकन? माझं नाव कोणी धड घेत नाही. ए, इंडियन गर्ल. तो पहिला माणूस होता ज्याने माझं नाव दोनदा विचारलं आणि बरोबर म्हटलं. पप्पांना नकार सांगायचा असेल तर सांग. खलास, मी ऐकून घेईन. पण ज्याचं तोंडसुद्धा बघितलं नाहीस, त्याला नाही म्हणू नकोस.’

तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. 

फुजैरा

रविवारी सकाळी चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मलयाळी, फिलिपिनो, अरब, गोव्याची माणसं, आफ्रिकेची माणसं, एका मिस्सेतून बाहेर पडणारे आणि दुसरीसाठी आत शिरणारे. आमच्याकडे चर्चमध्येही कोणाचा बाक कोणता हे ठरलेलं असतं. इथे जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. पण मला बसवेना. मनात अढी घेऊन वेदीपुढे जाऊ नये, हे मीच पोरांना शिकवलेलं. मी पापनिवेदनाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

फादर केरळचे होते. मी इंग्रजीत म्हणाले, ‘फादर, मी एका माणसाला ओळखलं नाही.’

‘अम्मा, वय झालं की होतं असं. ते पाप नाही.’

‘वयाने नाही, फादर. त्याचा रंग बघितला आणि पुढे काही बघितलंच नाही. म्हणून ओळखलं नाही.’

जाळीपलीकडे ते जवळ सरकले. मग म्हणाले, ‘तो माणूस इथे आहे?’

‘बाहेर आहे.’

‘मग आधी त्याच्याकडे जा. प्रार्थना मग म्हणा.’

ऑगस्टीन चर्चबाहेरच्या मांडवात दोन कागदी कप घेऊन बसला होता. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. ‘वर बघ,’ मी म्हणाले. ‘माझ्याकडे बघ.’ त्याने मान वर केली. मी शाळेत पोरांना सांगायचे तसं सरळ सांगितलं, ‘काल मी थट्टा केली नाही. मला तू ओळखू आला नाहीस. मी तुला नकार द्यायला आले होते. माझं चुकलं.’

त्याने कप खाली ठेवला. ‘मला माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘तुम्ही माझ्यासमोरून दोनदा गेलात.’

‘मग हसलास का?’

‘फोनवर आई बघत होती.’

बाटलीला टेकवलेला तो मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर आला.

‘आईला हे लग्न पसंत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘ती म्हणायची, आमच्या गावात इंडियन दुकानदार होता. जन्मभर त्याच्याकडून साखर आणली, पण त्याने कधी माझ्या हातात सुटे पैसे ठेवले नाहीत, काउंटरवर ठेवले. असे लोक तुला माणूस समजणार नाहीत. मी सांगितलं, आत्या येणार आहे. काल फोन ठेवताना तिने विचारलं, त्या बाई खरंच थट्टा करत होत्या ना? मी हो म्हटलं. आईशी मी खोटं बोललो.’

मला रडू आलं. त्या गर्दीत, त्या उकाड्यात, नाक पुसायला रुमाल सापडेना, आणि ऑगस्टीनने कागदी नॅपकिन माझ्या हातात ठेवला. हातात ठेवला, टेबलावर नाही. मी त्याचा हात सोडला नाही. तसंच धरून मी त्याच्याकडे बघत बसले, पुष्कळ वेळ. तोही बघत होता. दोघांनाही ओशाळल्यासारखं होत होतं, पण कोणी नजर हलवली नाही. स्नेहल चर्चमधून शोधत आली आणि खांबापाशीच थबकली.

मी तिच्याकडून फोन मागून घेतला आणि इनासला लावला. तो बागेत होता, मागे पंपाचा आवाज येत होता.

‘काय ठरलं, बाय?’

‘माझा होकार आहे.’

 मग इनास म्हणाला, ‘नीट बघितलंस?’

‘काल नव्हतं बघितलं. आज बघतेय, समोरच बसलाय. ऐक. डाव्या भुवईत एक चीर आहे. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत, म्हणून हसताना वरचा ओठ दाबून धरतो. कपाळ रुंद आहे. कान मोठे आहेत, आपल्या बाबांचे होते तसे बाहेर आलेले. बोलायच्या आधी क्षणभर डोळे मिटतो. आणि माझ्यासारखाच रात्री झोपला नाहीये, डोळे लाल आहेत.’

‘आणि रंग?’

‘काळा. ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, दुसरं काही दिसलं नव्हतं. आता बाकीचं ऐकतोस का?’

इनासने कोणाला तरी पंप बंद करायला सांगितलं. आवाज थांबला.

‘ऐकतोय,’ तो म्हणाला. ‘सांग.’